अक्काच्या विहिरीचं पाणी

माझी थोरली बहीण अक्का लग्न होऊन रायापूरच्या पलीकडच्या खेड्यात गेली तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही जुन्या हुबळीत दोन खोल्यांत राहणारी माणसं, अप्पा रेल्वेच्या कारखान्यात कामाला. नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी, कधी आठव्या. जावयाच्या रानात विहीर आहे आणि ती उन्हाळ्यातही आटत नाही, एवढ्यावरच आईनं ते स्थळ पसंत केलं होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा भावजींनी मला रान दाखवलं. काळी जमीन, पायाखाली भुसभुशीत, ढेकूळ फोडलं की आत गांडुळं. उतारावर ज्वारी, कापूस आणि सगळ्यात खाली विहीर. पुढे संकरित कापूस आला. सुरुवातीची पिकं अशी उतरली की भावजींनी ज्वारी बंदच केली. ट्रॅक्टर आला म्हणून बैल विकले, बैल गेले म्हणून शेणखत गेलं, मग पोत्यातलं खत. चार वर्षांत जमीन वरून आवळून आली. पाऊस पडला की पाणी मुरायच्या ऐवजी गढूळ होऊन उतारानं धावायचं. भावजी म्हणायचे, "खत धुऊन गेलं. पुन्हा टाकायला पाहिजे." वरच्या रानवाल्यांचंही तेच चाललं होतं. ते सगळं धुऊन कुठं जातं, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

अक्काला मूल झालं ते ऐंशीनंतर, फार वाट बघून. मुलगी. पण बाळंतपणातच अक्काला विषमज्वर झाला आणि अंगावरचं दूध आटलं. मुलगी डब्यातल्या पावडरीवर वाढू लागली. पावडर विहिरीच्या पाण्यात कालवायची. महिन्याभरात तिचे ओठ जांभळट दिसू लागले, नखं करडी झाली. सासूबाई म्हणाल्या, थंडी बाधली. अक्काला वाटलं, पाण्यात जंतू असतील. ती पाणी जास्त वेळ उकळू लागली, पातेलं निम्मं होईपर्यंत.

एका दुपारी ती मुलीला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मी केशवापुरातल्या कचेरीतून नुकतीच जेवायला आले होते. मुलगी रडत नव्हती. चेहरा राखेसारखा.

"बघ ना गं, ही अशी का झाली?" अक्का म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

रिक्षा करून आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी सुईनं रक्त काढलं, ते लाल नव्हतं. तपकिरी होतं, चहाच्या चोथ्यासारखं. त्यांनी कानडीत विचारलं, "एल्ली नीरु कोडतीरी?" पाणी कुठलं देता?

"आमच्या विहिरीचं," अक्का म्हणाली. "उकळून देते, डॉक्टर. खूप उकळून."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, खतातला क्षार उकळून जात नाही. पाणी आटतं आणि क्षार तेवढाच राहतो."

अक्कानं तोंडावर हात दाबला.

इंजेक्शन दिलं आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या पोरीच्या ओठांवर रंग चढला. मी रडले. अक्का रडली नाही. ती आपल्या हातांकडेच बघत बसली होती.

मुलीला घेऊन हुबळीत राहायचं म्हटलं तर सासूबाई मांडीचं हाड मोडून खाटेवर, त्यांचं करायला दुसरं कुणी नव्हतं. अक्का परत गेली. मग ठरलं की पाणी मी पोचवायचं. नळ आला की आई आधी ॲल्युमिनियमचा कॅन भरून ठेवी, घरात प्यायला उरो न उरो. कचेरीत जायच्या आधी पहाटेच्या बसनं मी रायापूरला उतरे आणि पुढे शेतातून चालत जाई. समोरून येणाऱ्या बसमधून दुधाचे कॅन भरून शहरात यायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, "दूध उलटं कुठं नेताय, बाई?"

"पाणी आहे," मी म्हटलं.

तो हसला. "विहिरीच्या गावाला पाणी?"

मी कॅन पायांशी ओढून घेतला.

भावजींनी त्या वर्षी पोतं आणलं नाही. रायापूरच्या गोठ्यांतून शेण मागून आणलं, डोक्यावरून वाहिलं. कापूस गुडघ्याएवढाच झाला. पण विहिरीत झरा यायचा तो सगळ्यांच्याच जमिनीखालून. म्हणून ते वरच्या रानातल्या म्हाताऱ्याकडे गेले. मी बरोबर होते. भावजींनी चक्क हात जोडले. "अण्णा, एक-दोन वर्षं खत कमी टाका. माझी मुलगी मरता मरता वाचली."

म्हातारा कठोर नव्हता. त्यानं आम्हाला बसायला घोंगडी टाकली. म्हणाला, "माझ्या घरात अकरा तोंडं आहेत. खताशिवाय ही जमीन आता काही देत नाही रे. तूच सांग, कुणाला उपाशी ठेवू?"

भावजी घोंगडीवरून उठले.

डॉक्टर म्हणाले होते, तो क्षार बाधतो तो तान्ह्या बाळांनाच; मुलगी मोठी झाली, तिला विहिरीचं पाणी सोसू लागलं. सासूबाई गेल्या. विहिरीचं पाणी तपासून घेतलं, तर क्षार अजून होताच. साफ व्हायला किती वर्षं लागतील, असं भावजींनी विचारलं. "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "जमिनीत मुरलेलं आहे."

अक्काला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती मुलीचा हात धरून हुबळीला आली आणि आईला म्हणाली, "मी आता तिकडे जायची नाही." मुलगा इथेच झाला. भावजी रविवारी येत. एकदा संध्याकाळी मुलगा त्यांच्या मांडीवर झोपला होता. अक्का म्हणाली, "तुम्हीही या ना इकडे. कारखान्यात अप्पा काहीतरी बघतील."

"आणि जमीन?" ते म्हणाले. "तिची अशी दशा करून कुणावर टाकून येऊ?"

अक्कानं मुलाला उचलून घेतलं. भावजींनी पायांत चपला सरकवल्या आणि बस गाठायला निघून गेले. पुढची कितीतरी वर्षं त्यांचा संसार असाच चालला, रविवारपुरता.