कशाचं, कसं, कोनाच्या हातानं?

कोडवाल्या काकाइतका चिकट मानूस देवानं दुसरा केलाच नसन, अन् केला असन तं त्यालेबी काकानं नंबर देऊन फाईलमंधी लावला असन. मोठ्या दवाखान्यात जिन्याखालच्या खोलीत बसत ते. काम काय, तं डॉक्टरनं कागदावर आजार लिवला का त्याचा नंबर, म्हंजे कोड, जाड्या पुस्तकातून काढाचा अन् रजिस्टरमंधी मांडाचा. नंबरच तं लिवाचा, बापा! मी सातवी शिकलेली, मीबी लिवला असता. पन काका असे लिवत जसं अख्खं सरकार त्याच नंबरावर उभं हाय. पुस्तकाले जुन्या पातळाची खोळ, चष्म्याले दोरी, पेनाले दोरी, अन् दोन्ही दोऱ्या गळ्यात एकमेकीत गुतलेल्या, म्हनून चष्मा चढवला का पेन नाकाले लागे अन् पेन उचललं का चष्मा खाली ये.

त्याईले नुसतं काई सांगून भागतच नसे. चहावाली एकडाव रडत आली, "काका, हात भाजला वो." दुसरा कोनी म्हनला असता, मलम लाव. काका म्हनाले, "कशानं? चहानं का वाफेनं? कोन्या हाताले?" समदं सांगेपर्यंत बिचारीचा फोड फुटून गेला. डॉक्टरलोक तं काका दिसले का दुसऱ्या दारानं पळत. कारन डॉक्टरनं नुसतं 'विषबाधा' लिवलं का काका कागद घेऊन त्याईच्या मागं, "साहेब, हे तं आडनाव झालं. नाव सांगा." कशाचं, कसं, कोनाच्या हातानं, हे तीन सवाल झाडूवालीलेबी पाठ होते. नर्सबाई म्हने, "यायनं सोताच्या लग्नात भटजीलेबी विचारलं असन."

माही त्याईची वळख झाली ते माह्या पोरीपायी. नऊ महिन्याची होती, ताप भरला, मालक मेथी घेऊन रिसोडच्या बाजारात गेलेले. घरात तापाच्या थेंबाची बाटली होती. ते थेंब लई कडक रायतात, ड्रॉपरनं मोजूनच द्या लागतात, हे मले आता समजते. तवा ड्रॉपर पोरीनंच चावून फोडला होता, मंग मी मोठी हुशार, चमचा घेतला. भरून. तीन डाव! पोरगी वकून वकून मलूल पडली तशी मी अन् सासू जीपमंधी बसून दवाखान्यात. दारातच कोनी तरी विचारलं, काय झालं, अन् मी धापा टाकत म्हनलं, "मीच औषध पाजलं जी तिले!"

आता आमच्याइकडं औषध पाजलं म्हनलं का मानसाच्या डोळ्यापुढं पिकावरच्या विषाचा फवाराच येते. वरून सासूनं छाती बडवून सूर लावला, "माह्या नातीले औषध पाजलं वो इनं!" झालं. अख्खा वार्ड उठून बसला, ज्याले सलाईन लागलं होतं तो सलाईन हातात धरून पाहाले आला. एका बाईनं तं आपलं लेकरू माह्याजवळून उचलून पार कोपऱ्यात नेलं. नव्या डॉक्टरनं कागदावर लिवलं, आईनं विष पाजलं, अन् पोलिसाले निरोप गेला.

पोरगी वाचन का नाई, वाचली तं माह्याजवळ ठेवतीन का नाई, मले धरून नेतीन, माहेरी मानोऱ्याले माही माय कोनाले तोंड दाखवन, एकाच दमात समदं डोक्यात. तेवढ्यात दोन दोऱ्या हालवत काका आले. मनात म्हनलं, आले! माही लेक डोळे उघडून नाई राह्यली अन् याईले रजिस्टरची पडली.

"पोरी, औषध पाजलं म्हनते. कशाचं?"

"तापाचं."

काकानं चष्मा चढवला, पेन नाकाले लागलं. "फवाऱ्याचं नाई?"

"नाई जी! ते तं मळ्यातल्या खोलीत कुलपात रायते."

"बाटली?"

बाटली माह्याच पदराच्या गाठीत होती अन् मले याद नाई! काढून देली.

"कसं पाजलं?"

"चमच्यानं."

"दाखव."

काकानं चमचा अन् ग्लासभर पानी मागवलं. मी चमचा भरला, पन घाईत अर्धं पानी त्याईच्या लाडक्या रजिस्टरवर सांडलं. रजिस्टर तसंच वलं सोडून ते बाटली घेऊन पळाले. काका पळतेत हे दवाखान्यानंबी पयल्यांदाच पाह्यलं असन. "साहेब, फवाऱ्याचं नाई! तापाचे थेंब हायेत, चमच्यानं गेले!" डॉक्टरनं बाटली पाह्यली, इलाजच बदलला.

मंग पोलीस आला. म्हने, आई सोता सांगते मीच पाजलं. काका म्हनाले, "आईच पाजते ना जी. शेजारीन पाजन का?" अन् पुस्तक उघडून दोन ओळीवर बोट ठेवलं. "चुकून गेलं तं एक्स चाळीस. कोनी जानून देलं तं एक्स पंच्याऐंशी. हे चाळीस हाय." मंग सासूकडं वळले, "अन् आजी, तुमी ते सूर लावून सुनेले पंच्याऐंशीत घालून राह्यल्या होत्या." सासू म्हने, "मंग काय म्हनू? औषध तं पाजलंच ना इनं!"

तिसरा सवाल राह्यला होता. कोनाच्या हातानं. मीच मान खाली घालून म्हनलं, "माह्या हातानं, काका." ते म्हनाले, "त्याले लिवाले जागा नाई पोरी. चुकून, एवढंच लिवतेत." चौथ्या दिवशी पोरगी हसली.

तवापासून लसीले गेलं का ते पोरीले हाक मारत, "काय वं चाळीस, दात आले का?" मी मनात म्हनो, काय खुळा मानूस, लेकराचं नाव सोडून नंबर घेते. आता ते रिटायर झाले. जिन्याखाली कम्प्युटर आला, एक बाई टकटक करते, कोनाले काईच विचारत नाई. किती आराम झाला पाहा दवाखान्याले!

परवा पोरीले ताप होता. बाटलीसंग आलेल्या मापानं मोजलं, उजेडात धरून दोनदा पाह्यलं. घरात कोनी नोतं, तरी मी मोठ्यानं म्हनलं, तापाचं. मापानं. अन् तिसरा सवाल राह्यला. चाळीस माह्याकडं टुकुटुकु पाहून राह्यली होती, तोंड उघडून.

"माह्या हातानं, काका," म्हनलं, अन् पाजलं.