ताप नव्हता म्हणणारी घरं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळी वस्ती तापबाई म्हणते. कुणाच्या घरी माणूस गेलं की काही दिवसांनी या खांद्याला पिशवी अडकवून दारात हजर. ताप होता का, हुडहुडी भरत होती का, रक्त तपासलं का. घरोघरच्या या उत्तरांवरून आरोग्य खात्यातले लोक अंदाज बांधतात, मलेरियाने कुठे किती माणसं दगावली, आणि त्या हिशेबाने गोळ्या नि मच्छरदाण्या पाठवतात.

काम चोख, पण जिभेचं विचारू नका. कुणी "हो, ताप होता" म्हणालं की बाई सुरू. "मग काय झोपा काढत होतात? बोट टोचून घ्यायला काय जातं तुमचं?" घरचा माणूस आधीच खचलेला, तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. पुढे पुढे वस्तीत कुणी तापाने जाईनासंच झालं, निदान जाऊबाईंना मिळणाऱ्या उत्तरांत तरी. त्या मात्र ऐटीत सांगायच्या, "माझ्या वस्तीत मलेरियाने कुणी मरत नाही."

मग सासूबाई तापाने फणफणल्या. त्यांना सदानकदा काहीतरी दुखायचंच, त्यामुळे थंडी वाजते म्हणाल्या तेव्हा जाऊबाईंनी अंगावर आणखी एक चादर टाकली. म्हणाल्या, "नाटकं आहेत, उद्या उठतील." रक्त तपासायच्या सामानाची त्यांची पिशवी त्याच खोलीत खुंटीला लटकत होती. मी तिथेच भाजी निवडत बसले होते, मला तरी कुठे सुचलं? सासूबाई बरळायला लागल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आधी, रिक्षातच गेल्या.

स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही, असा जाऊबाईंच्या कामाचा नियम. म्हणून पलीकडच्या वस्तीत हेच काम करणारी बाई आली, गरीब स्वभावाची. तिने हळूच विचारलं, "ताई, ताप होता का हो?"

जाऊबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "नव्हता. वय झालं होतं."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते उठून आत गेले. मी चहाचे कप घेऊन उभी. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला, पण मीही नुसता चहाच पुढे केला.

ती गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "लोक मलाही असंच सांगत असतील ना गं?"

मी मेली फटकळ. म्हटलं, "दुसरं काही सांगायची सोय ठेवलीत का तुम्ही?"

त्या तशाच अनवाणी धावल्या. कोपऱ्यावर त्या बाईला गाठून म्हणाल्या, "ताप होता. पिशवी माझ्या हाताशी होती. लाजेपायी खोटं बोलले." तिने तिथेच उत्तर बदलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई मला घेऊन शिंप्याकडे गेल्या. त्याची तरणीताठी सून मागच्या वर्षी गेली होती, छातीत कळ येऊन, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. "आधी माझ्या घरचं ऐका," म्हणत जाऊबाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. शिंप्याने मशीन थांबवलं.

"तापच होता," तो म्हणाला. "तुमचं बोलणं ऐकायची ताकद नव्हती, म्हणून नाही म्हणालो." मग त्याने विचारलं, "म्हणून आल्या नाहीत का आपल्याकडे मच्छरदाण्या? माझ्या तशा सांगण्यामुळे?"

"त्यामुळेच," जाऊबाई म्हणाल्या. "पण ते उत्तर तुमच्या तोंडी मी घातलं होतं."