साडूच्या ताटातला कीस

सूड हा शब्द माझ्यासारख्या माणसाला शोभत नाही. पोट सुटलेलं, रक्तदाबाची गोळी चालू, आणि बायकोने आवाज चढवला की पाय आपोआप पिशवी घेऊन बाजाराकडे वळतात. पण सूड घ्यायचा होता हे खरं. साडूवर घ्यायचा होता आणि बटाट्याने घ्यायचा होता.

साडूंची केळव्याला नारळी-पोफळीची वाडी आहे. वाडीत खोल्या बांधून ते मुंबईच्या पाहुण्यांना शनिवार-रविवार ठेवून घेतात. मी बोईसरला राहतो आणि तारापूरच्या एका कारखान्यात ड्रायर चालवतो, म्हणजे ओली पावडर गरम हवेने सुकवायचं यंत्र. डॉक्टरांनी माझं तळलेलं बंद केलं आणि घरात एअर फ्रायर आला, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "हे माझ्यावर सोड. हा आमच्या ड्रायरचा नातू आहे."

महाशिवरात्रीचा फराळ आमच्यात एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. आमच्या पाळीला सकाळचा बटाट्याचा कीस मी नातवाच्या हवाली केला. बटाटे किसले आणि तसेच आत ढकलले. वरचा कीस वाऱ्याने उडाला, कॉइलला चिकटला आणि जळाला. खालचा पांढराफटक, कच्चा, स्वतःच्याच पाण्यात बसून राहिला. घरभर धूर. सासूबाई खोकायला लागल्या. साडूंनी उठून खिडकी उघडली आणि म्हणाले, "साडूभाऊ, यज्ञ करायचा होता तर आधी सांगायचं. भटजीला घेऊन आलो असतो."

सगळे हसले. ते मी गिळलं असतं. पण माझी बायकोही हसली, आणि तीही थोडीथोडकी नाही, पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पुढे तो यज्ञ प्रत्येक बारशात, प्रत्येक साखरपुड्यात पेटला. वाडीतल्या पाहुण्यांनाही साडू चहाबरोबर तो ऐकवायचे. एकदा केळव्याच्या किनाऱ्यावर एक अनोळखी गृहस्थ मला निरखून म्हणाले, "बटाट्याचा होम करणारे ते तुम्हीच का हो?" त्या दिवशी मी ठरवलं. पुढची शिवरात्र त्यांच्याकडे. त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटात, त्यांच्याच तोंडून 'वाहवा' काढायची.

मी सरावाला लागलो. बरेच दिवस चामड्यासारखं काहीतरी निघत राहिलं. मग एका सकाळी कारखान्यात यंत्रासमोर उभा असताना लख्ख उजेड पडला. आमच्याकडे ओला माल आधी सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरून पाणी सोडतो, मगच माझ्या ड्रायरमध्ये येतो. इतकी वर्षं नवीन पोरांना मी हेच ओरडून शिकवतो आणि घरी येऊन ओलाच बटाटा आत टाकतो! त्या दिवसापासून कीस पाणी नितळ होईपर्यंत धुतला, पंच्यात बांधून साडूची मान समजून पिळला, त्यात मिरची, जिरं, शेंगदाण्याचं कूट, चमचाभर तूप घालून पातळ टिक्क्या थापल्या. उडायचा प्रश्न मिटला. उरलेला कुरकुरीतपणा फोनवरच्या व्हिडिओतल्या एका बाईने दिला: "थोडा सा चावल का आटा." मुठीने तांदळाचं पीठ घातलं आणि टिक्क्या अशा वाजायला लागल्या की बायको बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "अहो, काय फुटलं?"

नाश्त्याला बटाटा, डब्यात बटाटा. बायको म्हणाली, "सूड साडूवर घ्यायचाय की माझ्यावर?" मी पुढचा बटाटा किसायला घेतला. तीही हसली होती.

शिवरात्रीला बायकोच्या मांडीवर यंत्र ठेवून स्कूटरवरून केळव्याला पोचलो. परक्या स्वयंपाकघरात मापं चुकायला नकोत म्हणून सगळं कोरडं मिश्रण घरूनच बरणीत भरून नेलं होतं. साडू ओटीवर बसले होते, कपाळाला भस्म. त्यांचा शिवरात्रीचा उपास म्हणजे गावाला ठाऊक असलेली गोष्ट. मिसरूड फुटायच्या आधीपासून कधी मोडला नाही, तापातही नाही, हे ते स्वतःच सांगतात.

"आलं का धुराडं?" ते म्हणाले. "विहिरीवरचा पंप चालू ठेवू काय?"

"ठेवा," मी म्हणालो. "खाऊन पाणी लागेल."

मेव्हणीने ओट्यावर जागा करून दिली. पहिला घाणा निघाला, तो ताटात घालून ओटीवर आणला. सोनेरी, कडा तांबूस, मधे मिरचीचे हिरवे ठिपके. साडूंनी एक टिक्की उचलली, उलटीपालटी केली, वास घेतला, दाताखाली धरली. कर्रर्र. दुसरी घेतली. तिसरी घेताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मानला बा."

काय सांगू! मला वाटलं किनाऱ्यावरच्या त्या गृहस्थाला शोधून आणावं.

"भाऊजी, घातलंय काय यात?" मेव्हणी म्हणाली. "आमचा कधीच असा होत नाय."

मी पुढाऱ्यासारखा घसा साफ केला. "आधी पाणी काढायचं. मग मिरची, जिरं, कूट, आणि तां..."

तोंड उघडंच राहिलं. सगळा सराव मी खाण्यापिण्याच्या दिवशी केला होता. बरणी त्याच सवयीने भरली होती. शिवरात्रीच्या उपासाच्या फराळात मी तांदूळ घातला होता.

"आणि काय?" मेव्हणी.

"आणि... हाताचं कसब," मी म्हणालो. सगळे खूश झाले.

साडू चौथी खात होते. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. गावभर मिरवलेला उपास माझ्या हाताने मोडत होता, आणि वर ते मला मानतही होते. एवढा सूड तर मी मागितलाही नव्हता. तोंड मिटून बसलो असतो तर जन्मभर मनातल्या मनात हसलो असतो.

तेवढ्यात सासूबाई देवळातून आल्या. पाय धुतले, पाटावर बसल्या, आणि मेव्हणीने त्यांच्या ताटात दोन टिक्क्या वाढल्या. म्हातारी पहाटेपासून पाण्यावर होती. तिने तुकडा मोडला.

मी जाऊन तिच्या पुढचं ताटच उचललं. "आई, नको. यात तांदळाचं पीठ आहे."

साडूंचा घास गालात थांबला. चेहऱ्यावरचं भस्म आणि चेहरा, दोन्ही एकाच रंगाचे झाले.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "माझा उपास..."

"नकळत झालं," सासूबाई म्हणाल्या. "देव नकळतचं धरत नाय. उद्या जाऊन एक बेल वाहा. पण आता कळलंय, आता खाऊ नको."

साडूंनी ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत ताटाकडे. "मोडला तो मोडलाच," ते म्हणाले, आणि पाचवी उचलली. पुढचीही. मी मात्र उपाशी. रताळं सोलत त्यांच्या दाताखालचे आवाज ऐकत बसलो. माझ्या स्वतःच्या विजयाची चवसुद्धा मला मिळाली नाही.

निघताना साडूंनी मला वाडीत पोफळीमागे बोलावलं. "ही गोष्ट बाहेर जायला नको. गावात तोंड दाखवायला जागा नाय उरणार. शब्द द्या." मी शब्द दिला: याबद्दल चकार शब्द बोलणार नाही. ते म्हणाले, "मीपण नाय बोलणार."

मे महिन्यात पालघरला एका हळदीला मी आणि बायको गेलो. मांडवात घोळका हसत होता. मधे साडू. "...आणि साडूभाऊंनी काय करावं! पवित्र दिवशी सासूला तांदूळ चारायला निघाले! मी होतो म्हणून हात धरला, नायतर म्हातारीचा उपास गेला होता." लोक टाळ्या देत होते. माझी बायको या वेळी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी मांडवात काही बोललो नाही. बोलणार नाही असा शब्द दिला होता, आणि तो आजही पाळतोय. लिहिणार नाही, असा मात्र दिला नव्हता. म्हणून लिहून ठेवतो: सासूबाईंनी घासही घेतला नाही. ताट मी उचललं. आणि कळल्यानंतरही जे उचलून उचलून खात होते, ते साडू होते. नाव घातलेलं नाही. केळव्यात वाडी पुष्कळांची आहे, ज्याने त्याने आपापला साडू ओळखावा.