मामंजींची पुरवणी

उष्णता गमावलेला तारा थंड होतो की आणखी तापतो, या प्रश्नावरून सून आणि सासरे यांच्यात आठवडाभर अबोला झालेलं घर अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि ते आमचं आहे. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात इतर घरांतून सासू-सुनांचं वाजतं. आमच्याकडे सासूबाई पंच असत.

मामंजी म्हणजे माझे सासरे. तरुणपणी त्यांनी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केली, एम.एस्सी.ला नाव घातलं, आणि तेवढ्यात गावानं त्यांना बिनविरोध सरपंच करून टाकलं. त्या नादात पुस्तकं बासनात गेली ती गेलीच. पुढे म्हातारपण जवळ आल्यावर ते पंचायत समितीला उभे राहिले आणि पडले. पडलेला पुढारी साधारणपणे महिनाभर दार लावून बसतो आणि कुणी दगा दिला त्याची उजळणी करतो. मामंजींनी दाढी केली, परीटघडीचा नेहरू शर्ट घातला आणि बीडला जाऊन एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. त्याच वर्गात लग्नानंतर नुकताच मीही घेतला होता. घरी येऊन मला म्हणाले, "सूनबाई, वर्गात मी तुझा सासरा न्हाई. तू पदर घेऊ नको, मी टोपी काढतो." मी पदर घेतला नाही. त्यांनी टोपी काही काढली नाही.

वर्गात ते शेवटच्या बाकावर बसत, कारण पुढं बसलं की मागच्या लोकांना आपण पुढारी वाटतो असं त्यांचं म्हणणं होतं. ताऱ्यांची रचना आणि उत्क्रांती हा विषय शिकवणारे सर माझ्या नवऱ्याहून लहान होते. मामंजी आत आले की सवयीनं सरच उठून उभे राहत. पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं की तारा पूर्ण गोल आहे असं आपण धरून चालू. मामंजींनी विचारलं, "गोलच कावून धरायचा?" सर म्हणाले, गणिताच्या सोयीसाठी. सोयीसाठी माणसं काय काय धरून चालतात हे मामंजींनी आयुष्यभर पाहिलेलं असल्यामुळे ते खाली बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. श्वेत बटू ताऱ्यांवर त्यांना सेमिनार द्यायचा होता. त्याची सुरुवात त्यांनी व्यासपीठावरील मान्यवरांपासून केली आणि शेवट आभारप्रदर्शनानं. मधल्या वेळात तारे आले, पण थोडे.

घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांच्या प्रचाराचं चिन्ह रंगवलेलं होतं. ते चुन्यानं पुसून त्यांनी तिथं ताऱ्यांच्या तेजाचा आणि तापमानाचा आलेख काढून घेतला, लाल-निळ्या ठिपक्यांचा. गावात बोलवा उठली की मामंजींनी पक्ष बदलला. कामं घेऊन येणाऱ्यांनाही ते भिंतीपुढं उभं करून आधी तारे समजावत. एकदा वरच्या वस्तीवरचे मेंढ्या पाळणारे एक आजोबा पाण्याच्या टँकरचं विचारायला आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सूर्य अजून पाच अब्ज वर्षं असाच जळेल, हे ऐकल्यावर म्हणाले, "तवर टँकर येतोय का?" मामंजींनी लगेच तहसीलला फोन लावला.

अबोल्याची गोष्ट अशी. तारा उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे आकसतो, आणि आकसल्यामुळे आतून आणखी तापतो, असं पुस्तकात होतं. मामंजींना ते पटेना. तव्यावरनं काढलेली भाकरी गारच होते, ती तापताना कुणी बघितली, असं ते म्हणत. मी म्हणायची, भाकरीला स्वतःचं गुरुत्वाकर्षण पुरत नाही. त्यावरून आठवडाभर बोलणं बंद. शेवटी सासूबाईंनी परात बाजूला सरकवली आणि मला म्हणाल्या, "खरं आसंल बाई. खुर्ची गेल्यापासून हे बी लई तापत्यात." त्यानंतर मामंजींनी तो सिद्धांत मान्य केला, पण जेवायला बाहेरच्या खोलीत बसले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका रिकाम्या जागेची पोटनिवडणूक लागली आणि तालुक्याची पुढारी मंडळी घरी आली. या वेळी निवडून येणार यात कुणालाच शंका नव्हती. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशीच नेमका ताऱ्यांचा पेपर होता. तासभर लिहा आणि निघा, जीप दारात उभी ठेवतो, असं ठरलं. मामंजींनी मान हलवली. पुढारी खूश झाले.

पेपरच्या दिवशी ते माझ्या मागच्या रांगेत होते. खाली जीप येऊन थांबली, तिचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. पर्यवेक्षक खिडकीतून डोकावून आले. मी मागं वळून पाहिलं तेव्हा मामंजींनी हात वर केला होता. मला वाटलं, निघाले.

त्यांनी पुरवणी मागितली.

पेपर सुटल्यावर आम्ही बीडच्या स्टँडवर चहा घेतला. कार्यकर्त्याचा फोन आला, दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज भरला होता. मामंजी फोनवर म्हणाले, माणूस चांगला हाय. मग मला विचारलं, किती प्रश्न झाले. माझे सगळे झाले होते. त्यांचा एक झाला होता. तारा गोल का धरू नये, हे त्यांनी पुरवणीसकट लिहून काढलं होतं.

निकालात मी पास झाले आणि मामंजी त्याच एका पेपरात राहिले. घरात आनंद कुठल्या तोंडानं करायचा म्हणून मी चुलीपाशी बसून राहिले. मामंजी चपला घालून बाहेर पडले. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, येतील. दुपार कलल्यावर उघड्याच दाराची कडी वाजली. इस्त्रीचे कपडे घालून मामंजी उंबऱ्याबाहेर उभे होते, हातात झेंडूचा हार आणि पेढ्यांचा पुडा.

मी म्हटलं, "आत या ना, मामंजी."

"पडलेल्यानं निवडून आलेल्याच्या घरी जाऊन हार घालायचा असतो," ते म्हणाले. "मागल्या बारीला मी गेलतो न्हाई. आता घर एकच पडलं, त्याला काय करावं."

हार गळ्यात पडला तेव्हा तो जड लागला. मामंजी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. सासूबाईंनी तांब्या-पेला आणून दिला. ते पाणी प्याले, मग त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, माझं पुढं काय ठरलं ते विचारलं. पुण्याला संशोधनासाठी जायचं म्हणतेय, असं मी सांगितलं. चांगलं हाय, म्हणाले, आणि थोड्या वेळानं "येतो मग" म्हणून उठून बाहेर गेले.

पण जायचं कुठं? अंगणातच उभे राहिले, पाठमोरे, मागं हात बांधून. मी दारात आले. हाक मारावीशी वाटत होती, पण निरोप घेऊन गेलेल्या पाहुण्याला त्याच्याच घरात काय म्हणून बोलवायचं, ते मला सुचेना.