पहिल्या बाकावरची जागा

व्यायामशाळेतला पहिला बाक कुणाच्या बापाचा नाही, हे डार्लीन व्हेटरने अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावाला बावीस वर्षं शिकवलं होतं. पोरांच्या कुस्त्यांना ज्याचं पोर मॅटवर, त्याने खाली यायचं, "आमचं आलंय" म्हणायचं, की बसलेल्यांनी मुकाट सरकायचं. कुस्ती संपली की पुन्हा वर. उजाडायच्या आत येऊन ब्लँकेटं पसरून जागा अडवणारे महाभाग असतातच. त्यांची ब्लँकेटं ती स्वतः गुंडाळून तिकिटाच्या टेबलाखाली कोंबायची. शाळेची बस चालवण्यात हयात गेलेली बाई. तिने नुसतं वळून बघितलं तरी चांगले दांडगे बाप्ये सरळ बसत.

आज मात्र तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. चिलीची, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याची वाटी घेतली, दोन घास खाल्ले, ठेवून दिली. कोट काढला, परत घातला. भिंतीवरचा जोड्यांचा तक्ता चौथ्यांदा वाचला. जोसी व्हेटर, तिसरी मॅट. वाचून त्यात काय बदलणार होतं?

जोसी तिची नात, आठ वर्षांची. गेल्या दोन वर्षांत डार्लीनने तिला पाहिलं ते फक्त नाताळच्या कार्डावर. दोन वर्षांपूर्वी याच बाकावर सुनेची, म्हणजे शॉनाची आई बसली होती. जोसीची कुस्ती झाली तरी ती उठेना. डार्लीनने तिला सगळ्यांदेखत उठवलं, "उठा, मागच्यांना दिसत नाही." म्हातारी काठी टेकत, प्रत्येक पायरीवर थांबत वर गेली. दोन महिन्यांनी ती वारली. शॉनाने पोरीला शेजारगावच्या क्लबात घातलं आणि सासूशी बोलणं टाकलं. मुलगा कर्ट दोघींच्या मधे नको म्हणून आईचा फोनच उचलेनासा झाला. आज तो क्लब इथे कुस्त्यांना आला होता.

"अगं डार्लीन, बूड टेक की जरा," तिकिटाच्या टेबलावरून व्हर्न ओरडला. "तुला बघून मलाच घेरी यायला लागलीय."

"तू तिकिटं फाड."

"नात आहे ना? मग जा खाली. नियम तुझाच आहे, आजी चालते त्यात."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार आता?"

तिसऱ्या मॅटवर जोसीचं नाव पुकारलं तशी डार्लीन खाली आली. बाकाच्या टोकाला शॉना, तिच्या बाजूला तिची बॅग आणि बॅगेला लागून एक काठीवाला म्हातारा. त्याच्या नातवाची कुस्ती नुकतीच संपली होती. "आमचं आलंय" एवढंच म्हणायचं होतं, पण ती त्या काठीकडेच बघत राहिली. डार्लीनला बघताच म्हातारा गडबडून काठी चाचपू लागला.

"उठतो, उठतो बाई. गुडघे जरा आखडलेत..."

डार्लीनला स्वतःची लाज वाटली. "बसा," ती म्हणाली. "दिवसभर बसा. कुणी उठवलं तर माझं नाव सांगा."

मग तिला जागा उरली नाही. ती तिथेच उभी राहिली.

"ओ बाई, खाली बसा! दिसत नाहीये!" मागून कुणीतरी खेकसलं.

शॉनाने मान वळवली. आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग सासूकडे. तिने बॅग उचलून मांडीवर घेतली.

डार्लीन अंग चोरून बसली. शिट्टी झाली. जोसीने समोरच्या पोरीच्या पायाला हात घातला.

"आईला चढवत नव्हतं," मॅटवरची नजर न काढता शॉना म्हणाली.

"माहीत आहे."

"तेव्हा माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. डार्लीनने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"होतं. काठी दिसत होती. तरी उठवलं. सगळे बघत होते ना, म्हणून."

मॅटवर जोसी खाली गेली, पुलासारखी कमान करून थोडा वेळ तगली, आणि तिचे खांदे टेकले. पंचाने मॅटवर हात आपटला. जोसी उठली, हात मिळवला, बाहीने नाक पुसलं आणि आईला शोधायला बाकाकडे बघितलं. बघतच राहिली.

"आमचं आलंय," बाजूला एक बाई येऊन उभी राहिली.

डार्लीन सवयीने उठली. शॉनाने तिच्या कोटाचं टोक धरून खाली ओढलं.

"बसा. तिने बघितलंय तुम्हाला. ती इकडेच येतेय."

"अहो, नियम आहे ना?" ती बाई म्हणाली.

"आहे," डार्लीन म्हणाली, आणि जागची हलली नाही.