चुकलं की टाळी

बाई टाळी वाजवायच्या ती कोणी चुकलं की. उत्तर बरोबर आलं तर नुसतं "हं" म्हणून पुढे जायच्या. पण कोणी सणसणीत चुकलं, की दोन्ही हात मागे नेऊन अशी एक टाळी हाणायच्या, की पेणच्या रामवाडीतल्या त्या वर्गाच्या खिडकीतले पारवे थेट अलिबागला जाऊन बसायचे. टाळी कासूच्या स्टेशनात ऐकू जायची. गार्डची शिट्टी समजून तिथून गाडी दोनदा वेळेआधी सुटली आहे. खोटं वाटत असेल तर कासूला जाऊन विचारा, मी भाडं घेणार नाही.

टाळीनंतरचं वाक्य ठरलेलं. "छान चुकलात. आता सांगा, कसं जमवलं?"

मी रोह्याचा. माझी सात माणसांची गाडी आहे, म्हणजे त्यात तेरा जण आरामात बसतात. ती बाईंच्या शाळेला लावली होती. बाई डॉक्टर, पेणच्याच, मास्तरांच्या घरातल्या. अर्ध्या जगात नोकरी करून परत आल्या आणि रामवाडीत दोन खोल्या घेऊन बसल्या. विद्यार्थी सगळे विशी-पंचविशीतले. कोणी नेपाळचं, कोणी केनियाचं, कोणी आमच्या रोह्याच्या वाडीवरचं. शिकायचं काय, तर एकच औषध एकाला दारात मिळतं आणि दुसऱ्याला मरेपर्यंत मिळत नाही, असं जगभर का होतं. आणि ते बदलायला पुढाकार कसा घ्यायचा.

"म्हणजे पुढारी तयार करताय," मी म्हटलं. "बाई, पेणात आहेत तेवढे पुरे नाहीत का?"

"यांना मी आधी मागे उभं राहायला शिकवते," बाई म्हणाल्या. "ते तुमच्या पुढाऱ्यांना येतं का, रोहेकर?"

मी गाडी सुरू केली.

त्या वर्षीच्या तुकडीत वांजिरू होती. केनियाची नर्स, उंच इतकी की माझ्या गाडीच्या टपाला आतून तिच्या डोक्याचा साचा पडला आहे. आणि सविता होती, रोह्याला नदीकाठच्या वाडीवरची. आईबाप भातकापणी झाली की वीटभट्टीवर जायचे. ती बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला पाणी मागावं लागायचं.

गणपती महिन्यावर आले होते. बाईंनी सगळ्यांना माझ्या गाडीत भरलं आणि पेणजवळच्या जोह्याला, नानांच्या गणपतीच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. तुम्ही या दिवसांत जोह्याला गेला असाल तर तुम्हाला सांगायला नको. पाय ठेवाल तिथे गणपती. नानांच्या कारखान्यात तर स्वतः नानांना उभं राहायला जागा नव्हती. ते एका पायावर उभे राहून फोनवर बोलायचे. हवेत प्लास्टरची भुकटी अशी, की काळा कुत्रा आत गेला तर पांढरा होऊन बाहेर यायचा.

मधोमध कुंदाताई बसली होती. मूर्तीचे डोळे आखणारी. बाकी सगळं काम कोणीही करील, पण आखणी तिची. ती ब्रश टेकवायची तेव्हा श्वास रोखायची, आणि ब्रश उचलला की खोकायची. खोल, ओला खोकला. बाई दारात उभ्या राहून तो ऐकत होत्या.

बाहेर येऊन त्या मुलांना म्हणाल्या, "तुमची परीक्षा ही. पेणला एक्स-रे आहे, फुकट आहे, अर्ध्या तासावर आहे. ही बाई दोन महिने खोकते आहे. तिच्यात आणि त्या मशीनमध्ये काय आडवं आलंय ते शोधा आणि बाजूला करा. बाकी पुस्तकं मी जाळली तरी चालतील."

मुलांनी काय केलं असेल? शिबिर लावलं. कारखान्यासमोर मंडप, टेबल, बॅनर, माइकवर वांजिरूचं मराठी. "या, या, छाती तपासा." ऐन हंगामात, ट्रक लागलेले असताना. अख्ख्या जोह्यातून एकही माणूस उठला नाही. पेशंट म्हणून मी एकटा. सगळ्यांनी आळीपाळीने माझं ब्लड प्रेशर घेतलं. दुपारपर्यंत माझा डावा हात उजव्यापेक्षा वीतभर लांब झाला होता.

संध्याकाळी बाई आल्या, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि टाळी हाणली. कारखान्यातल्या दोन उंदरांच्या शेपट्या गळून पडल्या. मातीच्याच होत्या, पण पडल्या.

मी हळूच विचारलं, "बाई, कोणी येणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं की. मी पहिल्या वर्षी इथेच मंडप घातला होता, याहून मोठा."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर मुलांनी लिहून घेतलं असतं आणि विसरली असती."

दुसऱ्या दिवसापासून मुलं माइक ठेवून कारखान्यात बसायला लागली. मूर्ती घासायला पॉलिश पेपर हातात घेतला. वांजिरूने पहिल्याच दिवशी एका गणपतीची सोंड घासून घासून अशी केली, की नाना म्हणाले, "पोरी, हा गणपती हाय, मांजर नाय." पण उठवलं नाही. फुकटचे हात कोण उठवतो?

सविता कुंदाताईच्या बाजूला बसून रंगाच्या वाट्या धुवायची. मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोघींचं चाललं होतं.

"ताई, एका दिवसाची तर गोष्ट हाय."

"तुला काय ठाव, गो? इथं उठायचं तर बदली द्यायला लागते. आपल्या जागी माणूस बसवल्याबिगर कोण उठत नाय. हंगामात तशीच रीत हाय."

"मग बसवा कोणाला."

"आखणीला? हमरापूरची एक हाय, टपूनच बसलीय. एक्स-रेत काय निघालं तर मी घरी, नी ती माझ्या जागेवर. मग माझी जागा मला परत कोण देल? खोकला बरा."

सवितेने वाट्या धुतल्या, हात पुसले आणि बाहेर बाईंकडे आली. "आडवं काय आलंय ते घावलं. बदली असा पायजे, जो तिची जागा घेऊच शकत नाय."

"म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

सवितेने हनुवटीने नानांकडे दाखवलं. नाना तरुणपणी आखणीतले पटाईत होते. मालक झाल्यापासून ब्रशाला हात लावला नव्हता. मालक कामगाराची जागा कायमची कशी घेणार?

मला वाटलं, आता बाई पुढे होतील. त्या माझ्या गाडीत जाऊन बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

सविता नानांसमोर उभी राहिली. "नाना, लोक सांगतात तुमाला आता आखणी जमत नाय. हात थरथरतो."

"कोण बोलतो?"

"सगळं जोहे."

नानांनी सगळ्या जोह्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. "उठ गो, कुंदा," म्हणाले आणि तिच्या पाटावर बसले. मग नानांच्या जागी कोण? तिथे मुलं लागली. कोणी ट्रक भरला, कोणी पोरांवर ओरडायचं काम घेतलं. फोन वांजिरूकडे आला. "हॅलो. नाना कामात हाय. गणपती मिलेल. तुमी शांत बसा." त्या दिवशी गिऱ्हाईकांचा आवाज म्हणून चढला नाही.

कुंदाताई माझ्या गाडीतून पेणला गेली. गाडी मी अशी हाणली की रस्त्यातले खड्डेच बाजूला झाले. टीबीच निघाला, पण वेळेत. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, आणि पहिले काही आठवडे घरीच बसायचं ठरलं. हमरापूरची बाई दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या दारात हजर.

"जागा भरलीय," नाना पाटावरून मान वर न करता म्हणाले. "मी बसलोय, दिसत नाय?"

सगळा हंगाम नानांनी आखणी केली. पाठ मोडली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि रोज संध्याकाळी कुंदाताईच्या घरी माणूस पाठवायचे, गोळी घेतली का विचारायला. कारखान्यातली बाकीची माणसंही एकेक करून पेणला जाऊन छाती तपासून आली, रीतसर बदली बसवून. सवितेला बाईंनी टाळी दिली नाही. नुसतं "हं" म्हणाल्या.

बाई आता इथे नाहीत. वांजिरू परत गेली आणि तिने तिकडे तसलीच शाळा काढून बाईंना बोलावून घेतलं. रामवाडीतला वर्ग सविता घेते. तिला टाळी वाजवता येत नाही, ती चुकणाऱ्याकडे नुसती बघते. ते जास्त लागतं.

परवा जोह्याला भाडं घेऊन गेलो तेव्हा वांजिरूचा व्हिडिओ आला होता. तो आपल्या पाटावर परत बसलेल्या कुंदाताईला दाखवला. डोंगरभर चहाचे मळे, आणि त्यात बाई. पाठीला टोपली बांधून पानं खुडतायत, जाडी जुनी पानं, मुळापासून ओढल्यासारखी. मुकादम त्यांच्या भाषेत तोंड सोडून बोलतोय आणि बाई खुशीत हसतायत. वांजिरूने खाली लिहिलं होतं, या जागेवरची बाई आज छाती तपासून घ्यायला गेली आहे.

कुंदाताईने फोन डोळ्यांजवळ धरून पुन्हा बघितला.

"किती वंगाळ तोडतात पानं," ती म्हणाली. "या बाईला तिथं जन्मात कोण जागा देनार नाय."

समाधानाने मान हलवून तिने फोन मला परत दिला, ब्रश रंगात बुडवला आणि श्वास रोखला.