मी बॅन केलेला माणूस

गेल्या महिन्यात मी आमच्या पेजवरून एका माणसाला बॅन केलं. पाचव्या दिवशी तो माणूस चाळीसगावहून सकाळची गाडी पकडून जळगावला आला आणि थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसला...

मी इथल्या एका न्यूज पोर्टलची एडिटर आणि कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट. धुळ्याला माझी आई शेजारणींना 'ती कॉम्प्युटरवर असते' एवढंच सांगते, आणि ते जास्त खरं आहे. मथळे बघायचे, कुठली पोस्ट किती वाजता टाकायची ते ठरवायचं आणि कमेंट्सची साफसफाई करायची.

त्या साफसफाईत हे आबा सापडले. प्रत्येक पोस्टखाली यांची एकच कमेंट, 'नोंद घेतली.' जामनेरला बाजार समितीची बैठक... नोंद घेतली. फैजपूरकडे बिबट्या दिसला... नोंद घेतली. शेवभाजीची रेसिपी... नोंद घेतली!

मी म्हटलं, हा नक्की बॉट, माणूस नव्हेच. कर्ज देणाऱ्या आणि लॉटरी लावणाऱ्या खोट्या प्रोफाइल्सबरोबर यांनाही उडवून टाकलं. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आता तो बॉट इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून समोर बसला होता. वय सत्तरीचं. "ताई, मनं काय चुकनं? मी तं कोणले वाकडं बोलनू नही." मला अहिराणी कळते, त्यामुळे लाज जरा जास्तच वाटली.

आबा हायस्कूलमध्ये शिपाई होते. सूचना वही घेऊन वर्गावर्गात जायचं आणि सरांनी 'नोंद घेतली' लिहून सही केल्याशिवाय दारातून हलायचं नाही, अशी त्यांची नोकरी. वाचलं तर तसं लिहायला नको का, एवढा साधा त्यांचा हिशोब. आम्ही रोज लाइक्स मोजतो, पण इतक्या सरळ मनाचा वाचक मी पाहिला नव्हता.

मी माफी मागून बॅन काढला. खात्री करायला त्यांच्या जुन्या कमेंट्स उघडल्या, तर प्रत्येक 'नोंद घेतली'ला एकच लाइक आणि तो एकाच नावाचा. पल्लवी. मी गमतीत म्हटलं, आबा, तुम्हाला एक फॅन आहे बरं का...

आबा हळूच म्हणाले, "ती मनी पोर शे."

पोरीनं मनासारखं लग्न केलं आणि नाशिकला गेली. आबांनीच शपथ घातली होती, या घराशी बोलायचं नाही. त्याला तीन वर्षं झाली. पत्नी आधीच गेलेली, घरात ते एकटे. मग एके दिवशी त्यांच्या कमेंटवर पल्लवीचा लाइक आला. तेव्हापासून ते रोज लिहायचे, ती रोज अंगठा दाखवायची. बापलेकीचं बोलणं म्हणाल तर तेवढंच... आणि तेच मी बंद केलं होतं.

हे नाव मी कुठंतरी वाचलं होतं. पेजचा इनबॉक्स शोधला. पल्लवीचे तीन मेसेज, तिन्ही न उघडलेले. प्रत्येकाखाली आमचा ऑटो-रिप्लाय होता, 'धन्यवाद! वाढदिवसाच्या शुभेच्छा व जाहिरातींसाठी संपर्क साधा.' हे वाक्य मीच लिहिलेलं आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून शेवटचा मेसेज मी वाचून दाखवला. 'रोज नोंद घेतली लिहिणारे माझे वडील आहेत. चार दिवस त्यांची कमेंट नाही. मी फोन केला तर ते उचलणार नाहीत. ते बरे आहेत का, एवढं कुणी सांगाल का?'

"आखो एक डाव वाच," आबा म्हणाले. मी परत वाचला.

मग ते म्हणाले, फोन लाव, पण तुझ्या फोनवरून. "मना नंबर देखीसन घाबरी जाई ती." नंबर त्यांना तोंडपाठ होता. पलीकडून हॅलो आलं आणि मी फोन त्यांच्या हातात दिला. "पल्लवी, मी बोली ऱ्हायनू. बरा शे मी..." एवढं ऐकलं आणि मी चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. बाहेर मला रडू आलं, ते सांगायला कशाला लाजू.

बॅन काढून महिना होत आला, पण आबांची एकही कमेंट नाही. काळजी वाटून परवा मीच फोन केला. म्हणाले, "आते टाइम कोठे शे, ताई? सकाळे सकाळे पोरना फोन येस."

पेजवरचा सगळ्यात नियमित माणूस गेला. माणसं पेजवर टिकवून ठेवणं हीच माझी नोकरी आहे, पण आबा, तुम्ही मात्र परत येऊ नका...